सात नावं

रियाधमध्ये माणसाला नाव नसतं, गाव असतं. बथ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा जण राहायचो आणि एकमेकांना हाक मारायची ती दापोली, संगमेश्वर, गुहागर, मंडणगड अशी. मी चिपळूण. गावाचं नाव न चिकटलेला एकच माणूस होता, तो म्हणजे चाचा. खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी त्यांचं घर. १९९६ साली ते सौदीत आले तेव्हा मी शाळेत होतो. खोलीत सात मुसलमान, चार हिंदू. पण चाचा सगळ्यांचेच चाचा. भाताला पाणी किती घालायचं इथपासून बहिणीचं स्थळ कसं आहे इथपर्यंत सगळं त्यांना विचारायचं. कुटुंबाशिवाय राहणाऱ्याला तिकडे बॅचलर म्हणतात. तीन मुलांचा बाप आणि एका नातवाचा आजोबा असलेला हा माणूस सतरा वर्षं बॅचलर होता.

मी एका छोट्या मेंटेनन्स कंपनीत हिशेब लिहायचो. कंपनी म्हणजे एक गाळा, दोन पिकअप, नळदुरुस्तीपासून रंगकामापर्यंत मिळेल ते काम, आणि महिन्यातून दोनदा येऊन कॉफी पिऊन जाणारा कफील, म्हणजे ज्याच्या नावाने आमचे व्हिसे तो सौदी मालक. कारभार सगळा मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या हातात. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिकडच्या रहिवासी परवान्यावर, माझा धंदा ‘सब्बाक’ असा लिहिला होता. सब्बाक म्हणजे प्लंबर. कंपनीला व्हिसा प्लंबरचा मिळाला होता म्हणून मी प्लंबर. आयुष्यात मी नळाचा वॉशरसुद्धा बदललेला नाही. आठ वर्षं कुणी विचारलं नाही, त्यामुळे मीही विसरलो होतो.

आमच्या अकरांपैकी तिघेच आपल्या खऱ्या कफीलकडे काम करत होते. बाकीचे आठ ‘आझाद व्हिसा’वाले. हा शब्द कुठल्याही कायद्यात सापडणार नाही, पण कोकणातल्या वाड्यावाड्यांत तो लहान पोरालाही माहीत आहे. एजंटाला पैसे मोजायचे, कुणातरी सौदी माणसाच्या नावाने व्हिसा घ्यायचा, तिकडे पोचल्यावर त्या कफीलला दरमहा दोन-तीनशे रियाल द्यायचे आणि काम मिळेल तिथे करायचं. कफीलला घरबसल्या पैसे, कामगाराला मोकळीक. मात्र पासपोर्ट कफीलच्या कपाटात, आणि त्याची मर्जी फिरली तर तो तुमच्यावर ‘हुरूब’ टाकणार. हुरूब म्हणजे हा माणूस पळून गेला अशी सरकारी नोंद. एकदा ती झाली की तुम्ही शहरात उघड फिरत असलात तरी कागदावर फरारी. चाचांचा कफील बुरैदा शहरातला. २००९ मध्ये चाचा आजारी पडले, चार महिने त्याचे पैसे चुकले आणि हुरूब लागला. त्यानंतरची चार वर्षं ते फरारी होते. आमच्यासाठी रोज डाळ शिजवणारे, शुक्रवारी शेजारच्या मशिदीत पहिल्या रांगेत बसणारे फरारी.

हे सगळं वर्षानुवर्षं चालत होतं, कारण ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. २०११ मध्ये ‘निताकात’ आलं. आपल्या लोकांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून सौदी सरकारने कंपन्यांना रंग वाटले. सौदी माणसं पुरेशी ठेवलीत तर हिरवा, कमी असतील तर पिवळा, नसतीलच तर लाल. लाल कंपनीच्या परदेशी कामगारांचे परवाने नूतनीकरण होत नसत. आम्हाला त्याची झळ बसली ती मार्च २०१३ मध्ये. ज्याच्या नावाने व्हिसा आहे त्याच्याकडेच काम करायचं, नाहीतर धरून परत पाठवणार, असा कायदा कडक झाला आणि जवाजातच्या, म्हणजे पासपोर्ट खात्याच्या, गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या.

पहिल्या आठवड्यात कुणी फारसं बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात आमच्या दाराबाहेरच्या चपला आत आल्या. हे कुणी ठरवलं नव्हतं. एका रात्री गुहागरने आपल्या उचलून आत आणल्या आणि सकाळपर्यंत सगळ्यांच्या आत होत्या. बाहेरच्या चपला मोजल्या की आत किती माणसं आहेत ते कळतं. इमारतीच्या जिन्यात एरवी चपलांचा बाजार भरलेला असायचा. चार मजले एका रात्रीत स्वच्छ झाले. तो रिकामा जिना बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

मलाझ भागात आमच्या ओळखीचं एक मालवणी कुटुंब होतं. नवरा एका मोठ्या कंपनीत, कागदपत्रं चोख. बायको एका खाजगी भारतीय शाळेत गणित शिकवायची. पण ती आलेली नवऱ्याच्या मागून, आश्रित म्हणून, आणि तिच्या इकाम्यावर काम करण्यास परवानगी नाही असं लिहिलेलं. तिकडच्या कितीतरी खाजगी शाळा अशाच बायकांवर चालायच्या. पगार कमी द्यावा लागतो, शिकवतात चांगलं, आणि तक्रार करायची सोय नाही. एप्रिलच्या सुरुवातीला शाळेने बायकांना फोन केले की उद्यापासून येऊ नका, आम्ही सांगू तेव्हा या. तीन तुकड्या एका वर्गात बसल्या. मुलांना ने-आण करणारा व्हॅनवालाही आझाद व्हिसावर होता, तो गायब झाला. वहिनी घरी बसून फोनवर मुलांना समीकरणं सांगायच्या. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा बेल वाजली की टीव्हीचा आवाज बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचा. त्याला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं, असं वहिनी म्हणाल्या. मुलाचा इकामा तर वैध होता. आईचाही होता. घरात अवैध असं फक्त गणित होतं.

६ एप्रिलला राजे अब्दुल्ला यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. जुने दंड माफ. ज्याला कागद दुरुस्त करायचेत त्याने करावेत, ज्याला जायचंय त्याने जावं, आणि जो या मुदतीत जाईल त्याला नव्या व्हिसावर परत येता येईल. हुरूबवाल्यांनासुद्धा जुन्या कफीलच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीकडे नाव बदलून घेता येणार होतं; फक्त ती कंपनी हिरवी हवी. खोलीत त्या रात्री मटण आणलं.

आमची कंपनी पिवळी होती. मुदीरने कफीलच्या दोन भाच्यांची नावं सामाजिक विम्याच्या यादीत चढवली. माणशी ३००० रियाल पगार दाखवला की एक पूर्ण सौदी मोजला जायचा. भाचे कॉलेजात शिकत होते, त्यांनी आमचा गाळा कधी पाहिलाही नाही. पण संगणकावर आम्ही हिरवे झालो. परदेशी माणसाने खोटा धंदा लिहिला तर तो गुन्हा आणि भाच्यांनी न केलेली नोकरी म्हणजे राष्ट्रकार्य, हा विनोद त्या वर्षी रियाधच्या प्रत्येक गाळ्यात चालू होता.

मुदीरने मला बोलावून सांगितलं, “सात माणसं घेता येतील. यादी तू कर. तुझीच माणसं आहेत.”

पहिला फॉर्म मी माझाच भरला. सब्बाकचा मुहासिब, म्हणजे हिशेबनीस झालो. त्यासाठी बी. कॉम.चं प्रमाणपत्र गावाहून साक्षांकित करून मागवलं. मग सातांची यादी करायला बसलो. आझाद व्हिसावाले आठ होते.

ही यादी मी खोलीतच केली, जमिनीवर, चटईवर बसून. फॉर्म अरबीत असतात म्हणून नावंही अरबीतच लिहिली, प्रत्येकाच्या इकाम्यावर छापलेली बघून उतरवून काढली. अरबी लिहायला मला वेळ लागायचा, पण तेव्हा मला ते बरं वाटलं. खोलीतल्या कुणाला कळणार नव्हतं कोण आत आणि कोण बाहेर. कोण बाहेर ते मी आधीच ठरवलं होतं. चाचा ५८ वर्षांचे. त्यांचा पासपोर्ट बुरैदाच्या कपाटात, तोही मुदत संपलेला. नाव बदलायचं तर आधी दूतावासातून नवा पासपोर्ट काढायला हवा. मुदीर साठीच्या जवळचा माणूस घेणार नाही, उगाच एक जागा वाया जाईल. ही सगळी कारणं खरी होती. मी मुदीरला मात्र एकदाही विचारलं नाही.

चाचा तेव्हा मागे ओट्याशी कांदा चिरत होते. “झालं काय रे तुझं लिहून? जेवायला वाढू?” एवढंच म्हणाले.

त्यांना मी सांगितलं की तुमचं वय आड येतंय, तुम्ही आउटपास घ्या. दूतावासाच्या त्या तात्पुरत्या प्रवासपत्राला सगळे आउटपासच म्हणत. पासपोर्ट नसलेल्याला त्यावर भारतात जाता येतं. राजनैतिक वसाहतीतल्या आपल्या दूतावासासमोर रांगा लागल्या होत्या. सौदीत तेव्हा आपले सुमारे २८ लाख लोक होते, त्यांत मल्याळी सर्वांत जास्त, आणि स्वयंसेवकही त्यांचेच जास्त. पाण्याच्या बाटल्या वाटायचे, अर्ज भरून द्यायचे, भाषा न पाहता. केरळात परदेशी गेलेल्यांसाठी १९९६ पासून ‘नोर्का’ नावाचं सरकारी खातं आहे आणि तिकडच्या वर्तमानपत्रांत निताकात हा रोजचा मथळा होता. आमच्या घरच्यांना निताकात हा शब्द आम्ही फोनवरून शिकवला. हे मला तेव्हाही लागलं होतं आणि अजून लागतं.

चाचांना आउटपास मिळाला. आता फक्त बोटांचे ठसे आणि बाहेर जाण्याचा शिक्का बाकी होता. तो घेतला असता तर जूनमध्ये घरी असते. पण ३ जुलैची मुदत संपायच्या आदल्या दिवशी ती ३ नोव्हेंबरपर्यंत वाढली, आणि तिथे गणित बदललं. डिसेंबरमध्ये त्यांच्या धाकट्या मुलीचा निकाह होता. वर्षाच्या सुरुवातीला रियालला साडेचौदा रुपये मिळायचे. ऑगस्टच्या शेवटी रुपया असा कोसळला की अठरा मिळायला लागले. बथ्यातल्या पैसे पाठवण्याच्या दुकानांपुढे आउटपासपेक्षा मोठ्या रांगा लागल्या. चाचा म्हणाले, “सतरा वर्षांत असा भाव बघितला नाय. दोन महिने काढतो.” त्यात रमजानमध्ये कचेऱ्या अर्धवेळ होत्या, ऑक्टोबरमध्ये हज आणि ईदच्या सुट्ट्या आल्या. मग शेवटच्या पंधरवड्यात ते पहाटे तीनला जाऊन रांगेत उभे राहायचे आणि दुपारी परत यायचे. नंबर येत नव्हता. मी कचेरीतून सुट्टी काढून त्यांच्याबरोबर दोनदा गेलो. दोनदाच.

४ नोव्हेंबरला, सोमवारी, नव्या हिजरी वर्षाच्या पहिल्या दिवशी कारवाई सुरू झाली.

तोवर जवळजवळ दहा लाख लोक देश सोडून गेले असल्याच्या बातम्या होत्या, तरी उरलेले किती असतील ते त्या सकाळी बथ्याकडे पाहून कळलं. निम्म्या दुकानांची शटरं खाली. कोपऱ्यावरचा न्हावी नाही, खुबूस रोटीची भट्टी बंद, पाण्याचा टँकर येईना. कुठे कुणी आरडाओरडा करत नव्हतं. शहर फक्त काम करायचं थांबलं होतं. मला आठवतंय, आमच्या इमारतीचा कचरा चार दिवस जिन्याखाली पडून होता. तो उचलणारा कोण, कुठला, हे आम्हाला कधी माहीतच नव्हतं. तो बांगलादेशी होता हे तो गेल्यावर कळलं.

त्या शनिवारी दक्षिणेला मनफुहात पेटलं. ती इथियोपियन लोकांची वस्ती. पोलीस आत शिरले, दगडफेक झाली, स्थानिक टोळकीही त्यांच्यावर तुटून पडली, माणसं मेली. दुसऱ्या दिवशी बायकापोरांसह हजारो लोक बोचकी घेऊन रस्त्यावर बसले होते, आम्हाला न्या म्हणत. पुढच्या काही महिन्यांत दीड लाखाहून जास्त इथियोपियन परत पाठवले गेले. आमच्या खोलीत त्या रात्री कुणीतरी म्हणालं, बरं झालं, पोलीस आता तिकडे गुंततील. मी म्हणालो नाही, पण मीही तसाच विचार करत होतो. चाचा मात्र रागावले. “त्यांच्या बायका आपल्याच साहेबांच्या घरी भांडी घासतात ना रे,” म्हणाले, आणि पाठ करून झोपले.

चाचा दहा दिवस खोलीबाहेर पडले नाहीत. सगळे कामावर गेले की दिवा न लावता बसायचे, संध्याकाळचा स्वयंपाक करून ठेवायचे. ठशांशिवाय पकडलं गेलं तर परत यायला बंदी लागणार, हे त्यांना ठाऊक होतं. तसंही ते परत येणार नव्हते. पण हाकलून दिलेला म्हणून जायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

अकराव्या दिवशी दुपारी दीडला माझा फोन वाजला. मागे गाडीच्या इंजिनाचा आवाज आणि खूप माणसांचा.

“चिपळूण, कुठं हायस?”

“कचेरीत. का हो चाचा?”

“डाळीचा कुकर ठेवलाय. लबन आणायला खाली आलो होतो. गॅस बंद कर जाऊन.”

मी विचारलं कुठे आहात. ते म्हणाले, बसमध्ये. मग कुणीतरी अरबीत ओरडलं आणि फोन बंद झाला.

कचेरीतून खोली वीस मिनिटांवर. मी पोचलो तेव्हा डाळ जळून काळी झाली होती आणि खोली धुराने भरली होती. मी खिडकी उघडली आणि लगेच लावून टाकली. धूर बाहेर दिसला तर कुणी वर येईल. त्या धुरात मी अर्धा तास बसून राहिलो. माझा इकामा पाकिटात होता, नवा, मुहासिब लिहिलेला. मला खिडकी लावायचं काहीच कारण नव्हतं.

तरहीलमध्ये, म्हणजे परत पाठवायच्या कोठडीत, ते तीन आठवडे होते. दापोलीचा एक ओळखीचा स्वयंसेवक आत जाऊन आला. त्याच्याबरोबर मी कपडे आणि डायबेटिसच्या गोळ्या पाठवल्या. गोळ्या पोचल्या की नाही, कळलं नाही. मुलीसाठी बथ्यातून घेतलेला सोन्याचा हार त्यांच्या उशीच्या अभ्र्यात शिवलेला होता. तो संगमेश्वर डिसेंबरात सुट्टीवर जाताना घेऊन गेला. चाचा निकाहाच्या चार दिवस आधी मुंबईत उतरले. हातात प्लास्टिकची पिशवी, पायात लबन आणायला जाताना घातलेल्या स्लिपर.

खोलीत आम्ही त्यानंतर कुकर वापरला नाही. एक तर तो जळला होता. दुसरं, शिटी जिन्यात ऐकू जाते. डाळ उघड्या पातेल्यात शिजवायचो, ती कधी नीट शिजली नाही. गुहागरने एके दिवशी कुकर घासून लख्ख केला आणि कपाटावर ठेवला. तो चाचांनी खेडच्या बाजारात घेतलेला, पहिल्या खेपेला बरोबर आणलेला होता.

फेब्रुवारी २०१४ मध्ये मी सुट्टीवर आलो तेव्हा चाचांची राहिलेली बॅग घेऊन एसटीने परशुराम घाट चढून खेडला गेलो. वाडीत मी मोजली, पाच घरांतले पुरुष त्या वर्षात तिकडून परतले होते. वरचा मजला चढवायचा म्हणून सोडलेल्या कॉलमच्या सळ्या तीन घरांवर गंजत होत्या. वाण्याच्या दुकानात उधारीची वही जाड झाली होती. एका घरातल्या दोन मुलांची नावं इंग्रजी शाळेतून काढून जिल्हा परिषदेच्या शाळेत घातली होती. तिथले मास्तर फार चांगले, असं त्या मुलांचा बाप मला तीन वेळा म्हणाला. तो मूळचा बोलका माणूस असावा. बायको त्याला काही विचारायची तेव्हा तो आधी माझ्याकडे बघायचा.

चाचा पडवीत बसले होते. बारीक झाले होते. पुतण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो म्हणाले. त्यांनी एकेकाची चौकशी केली, दापोलीचा पगार वाढला का, मंडणगडच्या आईचं ऑपरेशन झालं का. सगळे सात जण नीट आहेत हे ऐकून ते खरोखर खूश झाले. मला ते सहन होईना. मी म्हणालो, “चाचा, ती यादी मीच केली होती.”

“मला माहीत हाय.”

“मुदीरने नाही, मी केली.”

“अरे, माझ्यासमोर लिवलीस ना. अरबीत लिवलीस.” ते हसले. “मला अरबी बोलायला येत नाय धड, पण अलिफ-बे मी मदरशात पाच वर्षं गिरवलेत. भाकरी थापत होतो, तुझ्या खांद्यावरनं दिसत होतं. सात नावं वाचली.”

कांदा चिरत होते की भाकरी थापत होते, हे माझ्या डोक्यात का आलं कुणास ठाऊक. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

“काय बोलू? कुणाचं खोडायला सांगू?”

आतून चाची आल्या. मी बॅग उघडली. चादर, दोन लुंग्या, रेडिओ, वर्तमानपत्रात गुंडाळलेला कुकर. चाचींनी कुकर हातात घेतला, उलटा करून बूड पाहिलं, रबर ओढून पाहिलं, झाकण बसवून पाहिलं.

“आणि शिटी?” त्या म्हणाल्या.

मी बॅग पुन्हा तळापर्यंत चाचपली. शिटी रियाधलाच राहिली होती.